लोहगावची लिबरेटर विमाने : भंगारातून उड्डाणाकडे, उड्डाणातून संग्रहालयाकडे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पाच कारखान्यांतून 'बी-२४ लिबरेटर' हे चार इंजिनांचे जड बॉम्बफेकी विमान अठरा हजारांहून अधिक संख्येने बाहेर पडले, आणि अमेरिकेचे दुसरे कोणतेही लष्करी विमान एवढ्या संख्येने बांधले गेलेले नाही. असे असूनही आज जगभरात अखंड स्थितीत उरलेली लिबरेटर विमाने दीड डझनाच्या आत आहेत, आणि त्यांतील सहा विमाने भारतीय वायुदलाच्या सेवेतून आलेली आहेत. ज्या देशाने हे विमान कल्पिले नाही, बांधले नाही आणि विकतही घेतले नाही, त्या देशाकडून जगातील संग्रहालयांना त्याचे नमुने मिळावेत, ही गोष्ट योगायोगाने घडलेली नाही. तिची कारणे कानपूरच्या भंगारात, बंगळूरच्या कारखान्यात आणि पुण्याजवळच्या लोहगावच्या विमानतळावर शोधावी लागतात.

विमानाची घडण आधी समजून घेतली, तर त्याचा पुढचा प्रवास नीट कळतो. सॅन डिएगो येथील कन्सॉलिडेटेड कंपनीने १९३९ साली या विमानाचा आराखडा हाती घेतला, आणि त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला पहिला नमुना हवेत गेला. डेव्हिड डेव्हिस या संशोधकाने सुचवलेला लांब, अरुंद आणि तुलनेने जाड असा पंख हे त्याचे वैशिष्ट्य होते. सुमारे साडेतेहतीस मीटर लांबीचा हा पंख हवेचा विरोध कमी करी, म्हणून तेवढ्याच इंधनात विमान अधिक दूर जाई. पंख धडाच्या वरच्या बाजूस बसवलेला असल्याने खालचे पोट मोकळे राहिले आणि तेथे बॉम्बसाठी प्रशस्त जागा मिळाली. तिची दारे बाहेर उघडत नसत, तर दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत धडाच्या कडेने वर सरकत. प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीच्या चार इंजिनांना टर्बो-सुपरचार्जर जोडलेला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर चालणारे हे यंत्र उंचावरची विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवते, आणि त्यामुळे हवा पातळ झाली तरी इंजिनाची ताकद फारशी घटत नाही. दहाच्या आसपास माणसे, तेवढ्याच मशिनगन आणि साडेतीन टनांपर्यंत बॉम्ब घेऊन हे विमान उडत असे.

मात्र या गुणांची किंमतही मोजावी लागे. लिबरेटरचे सुकाणू जड होते, दाट फळीत उडताना वैमानिकाचे दंड भरून येत, आणि समुद्रात उतरण्याची वेळ आलीच तर बॉम्बच्या जागेची ती पातळ दारे पाण्याच्या धडकेने फाटून विमान झपाट्याने बुडे. अमेरिकी वैमानिकांत 'फ्लाइंग फोर्ट्रेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बी-१७ या विमानाविषयी जिव्हाळा होता, तसा तो लिबरेटरच्या वाट्याला फारसा आला नाही. पल्ल्याच्या बाबतीत मात्र लिबरेटर सरस होते, आणि जिथे अंतरे अवाढव्य होती त्या अटलांटिक, पॅसिफिक आणि बंगालचा उपसागर या क्षेत्रांत युद्धाला असेच विमान हवे होते. फोर्ड मोटार कंपनीने मिशिगनमधील विलो रन येथे खास याच विमानासाठी उभारलेल्या कारखान्याने एकट्याने साडेआठ हजारांहून अधिक लिबरेटर तयार केली, आणि १९४४ मध्ये तेथून साधारण तासाला एक या गतीने विमाने बाहेर पडत होती.

पूर्व आघाडीवर ब्रिटिश हवाई दलाने जुन्या वेलिंग्टन विमानांच्या जागी लिबरेटर घेतली, ती बंगालमधील दिग्री, सालबनी, धुबुलिया अशा तळांवर ठेवली, आणि तेथून ब्रह्मदेशातील रेल्वे, पूल, बंदरे आणि साठ्यांवर हल्ले केले. ऑक्टोबर १९४४ मध्ये दिग्रीहून निघालेल्या १५९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने मलायातील पेनांग बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरले. स्क्वॉड्रन म्हणजे एका अधिकाऱ्याच्या हाताखालची साधारण डझन-दीड डझन विमानांची तुकडी. या उड्डाणात जाऊनयेऊन सुमारे पाच हजार किलोमीटरांचे अंतर कापावे लागले. या मोहिमांत भाग घेणारी विमाने तांत्रिकदृष्ट्या ब्रिटनच्या मालकीची नव्हती, आणि पुढच्या सगळ्या कथेचा उगम या एका बाबीत आहे. मार्च १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या 'लेंड-लीज' कायद्यानुसार, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसामग्री उसनी देण्याच्या व्यवस्थेनुसार, ती ब्रिटनला मिळालेली होती. युद्ध संपल्यावर उसनी वस्तू परत करायची, विकत घ्यायची किंवा निकामी करायची, असे मार्ग होते. हजारो बॉम्बफेकी विमाने परत नेण्यात अमेरिकेला रस नव्हता, ती विकत घेण्याइतका पैसा ब्रिटनकडे नव्हता, म्हणून तिसरा मार्ग उरला.

भारतातील आणि आसपासची लिबरेटर विमाने कानपूरजवळच्या चकेरी येथे गोळा करण्यात आली. तेथे ब्रिटिश हवाई दलाचे मोठे देखभाल केंद्र होते. पुन्हा कधीही उडू नयेत अशा रीतीने ती निकामी करण्याचा हुकूम होता. अवजड यंत्रांनी धडे ठेचली गेली, पत्र्यांना भोके पाडण्यात आली, उपकरणे फोडण्यात आली आणि इंजिनांत वाळू ओतण्यात आली. मोडतोडीचे हे काम एका साच्याने झाले नाही, कंटाळलेल्या हातांनी झाले, आणि नेमके तेच पुढे उपयोगी पडले. एखाद्या विमानाचे नाक चेचलेले असले तरी शेपूट धड होती, दुसऱ्याचा पंख गेला असला तरी चाके शाबूत होती. नाश करणाऱ्याने जरा शिस्तीने काम केले असते, तर स्वतंत्र भारताच्या वायुदलाचा पहिला बॉम्बफेकी ताफा उभा राहिलाच नसता.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या वायुदलात लढाऊ आणि वाहतुकीची विमाने होती, पण बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. ही उणीव दोन-तीन महिन्यांतच जाणवू लागली. काश्मीरमध्ये युद्ध पेटले, आणि पूंछ भागात शत्रूच्या जमावांवर मारा करण्यासाठी एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या माणसांनी डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून हाताने बॉम्ब ढकलण्याचा मार्ग काढला. हा उपाय धाडसाचा होता खरा, पण धाडसावर कायमचे वायुदल चालत नाही. नवी जड बॉम्बफेकी विमाने विकत घ्यावीत इतके परकीय चलन हाती नव्हते. अशा वेळी चकेरीच्या मैदानात पडलेल्या शंभरेक सांगाड्यांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते, आणि ते दुरुस्त होण्यासारखे नाहीत असे परदेशी जाणकारांचे मत पडले असतानाही हे काम बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे सोपवण्यात आले.

ही कंपनी मुळात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेली. विमान बांधणीचा कारखाना भारतात असावा हा ध्यास घेऊन त्यांनी अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांचे तांत्रिक साहाय्य मिळवले, म्हैसूर संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांचा पाठिंबा मिळवला, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे कंपनीची स्थापना झाली. जागा आणि भांडवलाचा वाटा संस्थानाने दिला, आणि पुढच्या वर्षी भारत सरकारही भागीदार झाले. जपानने युद्धात उडी घेतल्यावर सरकारने १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत हा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या देखरेखीखाली दुरुस्तीचे केंद्र म्हणून चालला. ज्या उद्योगपतीने तो उभारला त्याच्या दृष्टीने ही निराशा होती, कारण त्याला विमाने बांधायची होती आणि कारखान्याच्या वाट्याला दुसऱ्यांच्या विमानांची डागडुजी आली. परंतु याच दोन-अडीच वर्षांत शेकडो भारतीय कारागिरांचे हात अमेरिकी विमानांच्या जोडणीला, इंजिनांना आणि उपकरणांना सरावले. पुढे चकेरीला जी मंडळी पोहोचली त्यांच्यापाशी ही कमाई होती.

चकेरीतील काम दोन टप्प्यांत झाले. पहिल्या टप्प्यात बंगळूरहून आलेल्या पथकाने सांगाडे तपासून त्यातल्या त्यात बरे निवडले, इतर सांगाड्यांचे भाग काढून त्यांना बसवले, आणि ते कसेबसे एकदा बंगळूरपर्यंत उडू शकतील एवढी दुरुस्ती तेथेच उघड्यावर केली. या उड्डाणांची जबाबदारी कंपनीचे प्रमुख चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी उचलली. धड एका विमानाचे, पंख दुसऱ्याचे आणि इंजिने आणखी दोघा-तिघांची, अशी स्थिती असताना कानपूरहून दक्षिणेकडे हजार-दीड हजार किलोमीटरांचा प्रवास करायचा, आणि तोही एकदा नव्हे तर पुन:पुन्हा, ही कामगिरी भारतीय विमानविद्येच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदवण्याजोगी आहे, आणि ती तितकी नोंदली गेलेली नाही. दुसऱ्या टप्प्यात बंगळूरच्या कारखान्यात प्रत्येक विमान पूर्ण उघडून त्याची सर्वांगीण दुरुस्ती करण्यात आली. अशा रीतीने एकंदर किती विमाने तयार झाली याविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात, पण ते चाळिसाच्या आसपासच घुटमळतात. याच मुन्शींनी ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ या भारतीय बनावटीच्या पहिल्या प्रशिक्षण विमानाचे पहिले उड्डाण केले. त्या विमानाचा आराखडा मूळ कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला होता. दुसऱ्याचे विमान उलगडून पुन्हा जोडण्याचा अनुभव आणि स्वत:चे विमान रचण्याचा आत्मविश्वास या दोन गोष्टी एकाच कारखान्यात, तीन वर्षांच्या अंतराने दिसतात. त्यांचा परस्परसंबंध कागदोपत्री दाखवता येणार नाही, पण तो नाकारणेही अवघड आहे.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे विंग कमांडर जे. आर. एस. दंत्रा यांच्या नेतृत्वाखाली ५ क्रमांकाचे स्क्वॉड्रन उभे राहिले. भारतीय वायुदलाचे हे पहिले जड बॉम्बफेकी स्क्वॉड्रन होते. लढाऊ विमानाचा एकटा वैमानिक आणि दहा माणसांच्या संघाने चालवायचे बॉम्बफेकी विमान यांत फार अंतर असते. मार्गदर्शक, बिनतारी यंत्रचालक, इंजिनांकडे पाहणारा अभियंता, गोलंदाज आणि बॉम्ब नेमका सोडणारा अशा सर्वांनी एकाच ठेक्यात काम करावे लागते, आणि ही पद्धत वायुदलाने याच विमानावर अंगवळणी पाडली. बॉम्बफेकी दल म्हणून लिबरेटरचे आयुष्य मात्र मोठे ठरले नाही. जेटयुग सुरू झाले होते. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ब्रिटनकडे कॅनबेरा या जेट बॉम्बफेकी विमानांची मागणी नोंदवली, आणि त्याच वर्षी ५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने ती स्वीकारली.

पुण्याचा खरा संबंध येतो तो लिबरेटरच्या दुसऱ्या आयुष्याशी. लोहगावचा तळ महायुद्धाच्या सुरुवातीस मुंबईच्या हवाई संरक्षणाच्या गरजेतून उभारला गेला होता. मुंबईला बंदर होते, गोदी होती, आरमाराचे ठाणे होते, पण मोठ्या लष्करी धावपट्टीसाठी मोकळी, सपाट आणि पावसाळ्यात न तुंबणारी जागा घाटमाथ्यावर मिळणे सोपे होते. १ जानेवारी १९५१ रोजी येथे ६ क्रमांकाचे स्क्वॉड्रन पुन्हा उभारण्यात आले. मूळचे हे स्क्वॉड्रन डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्ली येथे स्थापन झालेले, आणि त्याचे पहिले प्रमुख तेच मेहर सिंग होते, ज्यांच्या डाकोटांनी पुढे पूंछवर बॉम्ब टाकले. फाळणीत त्याची विमाने पाकिस्तानकडे गेली. पुण्यात त्याला लिबरेटर मिळाली ती मात्र शहरांवर बॉम्ब टाकण्यासाठी नव्हे, तर समुद्रावर पहारा ठेवण्यासाठी.

घाटमाथ्यावर बसून समुद्राची राखण करणे वरकरणी विचित्र वाटते, पण नकाशा पाहिला की त्यातला हिशेब कळतो. लोहगावहून मुंबई बंदराकडे सरळ रेषा ओढली तर ती सह्याद्रीची धार ओलांडून खोपोलीवरून पनवेल तालुक्यात उतरते, कर्नाळ्याच्या सुळक्याजवळून आणि ओवे, खारघरच्या डोंगरांना उत्तरेस ठेवून खाडीकडे जाते. हे अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि लिबरेटरसारख्या विमानाला ते कापायला अर्धा तासही पुरेसा होता. त्यानंतर पुढे अरबी समुद्राचा विस्तार आणि इंधनाच्या टाक्यांत दहा-बारा तासांचा पल्ला. सौराष्ट्रापासून मलबारपर्यंतच्या किनाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी मध्यभागी आणि पुरेशा लांबीची धावपट्टी असलेले ठिकाण निवडायचे तर लोहगावला पर्याय फारसे नव्हते. ज्या पल्ल्यासाठी हे विमान बंगालच्या उपसागरात वापरले गेले, त्याच पल्ल्यासाठी ते आता दुसऱ्या समुद्रावर उपयोगी पडले.

सागरी टेहळणी या कामात नाट्य कमी आणि चिकाटी फार. विमानाने ठरलेल्या उंचीवरून समांतर पट्ट्यांत समुद्र विंचरायचा, दिसेल त्या जहाजाची जागा, दिशा, वेग आणि झेंडा नोंदवायचा, आणि नौदलाला कळवायचे, असे त्याचे स्वरूप होते. त्यासाठी काही विमानांच्या पोटाखाली, जेथे पूर्वी मशिनगनचा फिरता मनोरा असे, तेथे रडारचे घुमट बसवलेले होते. उड्डाणात ते खाली सोडता येई आणि जमिनीवर उतरताना आत ओढून घ्यावे लागे. याखेरीज बेपत्ता जहाजांचा शोध, नौदलाबरोबरचे सराव आणि छायाचित्रण ही कामेही या विमानांकडून करून घेण्यात आली. तासन्‌तास एकसुरी घरघर करीत उडणारी ही जुनी इंजिने चालू ठेवण्यात खरी कसोटी जमिनीवरच्या माणसांची होती. सुटे भाग बनवणे अमेरिकेने कधीच थांबवले होते, म्हणून वापरातून काढलेले प्रत्येक विमान हे उरलेल्या विमानांचे कोठार ठरत होते. चकेरीत सुरू झालेली ही रीत लोहगावात वीस वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत पाळली गेली.

१९६१-६२ च्या सुमारास एअर इंडियाने जेट विमाने घेतल्यावर मोकळी झालेली सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमाने वायुदलाकडे आली आणि त्यांतील काही ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला देण्यात आली. एकेकाळी मुंबई-लंडन मार्गावर श्रीमंतांची ने-आण करणारी ही डौलदार विमाने आणि रणांगणातून वाचलेली बोजड लिबरेटर एकाच तळावरून एकच काम करू लागली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या मोहिमेत दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक करण्यासाठी पुण्याहून उडाली ती कॅनबेरा विमाने. लिबरेटरकडे बॉम्बफेकी म्हणून पाहण्याचे दिवस तोवर सरले होते. अखेर १९६८ च्या अखेरीस शेवटची लिबरेटर सेवेतून निवृत्त झाली. लष्करी कामासाठी लिबरेटर वापरणाऱ्या जगातील अगदी शेवटच्या वायुदलांत भारतीय वायुदलाची गणना होते. सुपर कॉन्स्टेलेशनची टेहळणीची जबाबदारी १९७६ मध्ये नौदलाकडे सोपवण्यात आली आणि समुद्रावरच्या पहाऱ्याचे केंद्र पुण्याहून दाबोळीला हलले.

त्या सुमारास जगात इतरत्र काय स्थिती होती हे पाहिले म्हणजे लोहगावच्या ताफ्याचे मोल कळते. अमेरिकेने १९४५-४६ मध्येच आपली हजारो लिबरेटर ॲरिझोनातील किंगमन आणि इतर मैदानांवर उभी करून वितळवली. बी-१७ ची संख्या मुळात कमी, साडेबारा हजारांच्या घरातली, पण ती आग विझवण्यासाठी, नकाशे काढण्यासाठी आणि फवारणीसाठी खासगी धंद्यांनी विकत घेतली, म्हणून आज ती लिबरेटरपेक्षा जास्त उरलेली आहेत. लिबरेटरला शांतताकाळात गिऱ्हाईक मिळाले नाही. साठच्या दशकात जेव्हा पाश्चात्त्य देशांत महायुद्धाच्या स्मृती जपण्याची लाट आली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की ज्या विमानाने आपले आकाश भरून गेले होते ते घरी जवळजवळ उरलेच नाही, आणि पुण्याच्या धावपट्टीवर मात्र ते रोज उडते आहे. वस्तू टिकवण्याचे दोन मार्ग असतात, एक ती काचेआड ठेवण्याचा आणि दुसरा ती वापरत राहण्याचा. लिबरेटर दुसऱ्या मार्गाने टिकले, आणि त्यामागे वारशाची जाणीव नव्हती, पैशाची चणचण होती.

वाटप सुरू झाले ते १९६८ पासून. कॅनडाने ओटावाच्या विमान संग्रहालयासाठी एचई-७७३ हे विमान घेतले आणि त्याच्या बदल्यात भारताला लायसँडर हे छोटे विमान दिले. या अदलाबदलीला मुंबईचा एक दुवा आहे, जो सहसा सांगितला जात नाही. १९४१ मध्ये भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनला मिळालेली बारा लायसँडर विमाने मुंबईकरांच्या युद्धनिधीतून भेट दिलेली होती, आणि करुण कृष्ण ऊर्फ 'जंबो' मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती १९४२ च्या ब्रह्मदेशाच्या लढाईत लढली होती. त्यांतले एकही विमान भारतात जपले गेले नव्हते. महायुद्धातल्या आपल्या पहिल्या लढाईच्या जातीचे विमान मिळवण्यासाठी भारताला आपले भंगारातून उभे केलेले विमान द्यावे लागले, आणि हा सौदा दोन्ही बाजूंनी रास्तच म्हटला पाहिजे.

१९६९ मध्ये दुसरे एक लिबरेटर भारतातून उडत अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात टूसॉन येथे पोहोचले आणि पुढे तेथील पीमा संग्रहालयाचे आकर्षण बनले. ज्या वाळवंटी प्रांतात हजारो लिबरेटर वितळवली गेली होती, तेथेच वीस वर्षांनी एक लिबरेटर पुण्याकडून परत आणावे लागले, यातला उपरोध इतिहासाने मुद्दाम योजल्यासारखा आहे. १९७४ मध्ये भारतीय वायुदलाने ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला एक लिबरेटर भेट दिले. ब्रिटिश हवाई दलात असताना त्याचा क्रमांक केएन-७५१ होता, आणि ते ९९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते. आणखी एक विमान सत्तरच्या दशकात अमेरिकेत गेले आणि फिरत-फिरत फ्लोरिडातील कर्मिट वीक्स यांच्या संग्रहात स्थिरावले. उरलेल्या एका विमानाची कथा सर्वांत लांबलचक आहे. ते निवृत्तीनंतर तेरा वर्षे भारतातच पडून होते. १९८१ मध्ये डग अर्नोल्ड या ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेतले, सुटे करून मालवाहू विमानाने इंग्लंडला नेले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने ते त्याच्याकडून घेतले. स्वयंसेवकांनी आणि कुशल कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून ते १९८९ मध्ये पुन्हा हवेत नेले. त्यानंतर तीस वर्षे ते अमेरिकेतील गावोगावच्या विमानतळांवर उतरत राहिले, आणि जगात उडू शकणाऱ्या अवघ्या दोन लिबरेटरांपैकी एक म्हणून त्याची ख्याती झाली. २०१९ मध्ये याच प्रतिष्ठानाच्या बी-१७ विमानाला कनेक्टिकटमध्ये अपघात होऊन सात जण मृत्युमुखी पडले, आणि प्रवासी घेऊन फिरण्याची प्रतिष्ठानाची परवानगी पुढच्या वर्षी काढून घेण्यात आली. ऐंशी वर्षांचे यंत्र उडते ठेवावे की जमिनीवर सुरक्षित ठेवावे हा वाद संग्रहालयशास्त्रात जुनाच आहे, पण त्या अपघातानंतर तो केवळ तात्त्विक राहिला नाही.

जतनाच्या या कामात एक प्रश्न मात्र पुरेशा स्पष्टपणे विचारला जात नाही, आणि तो रंगाचा आहे. जुने विमान दुरुस्त करताना त्याच्या आयुष्यातला कोणता काळ दाखवायचा हे संग्रहालयाला ठरवावे लागते. ओटावाच्या विमानावर कॅनडाच्या हवाई दलाची चिन्हे चढली. टूसॉनच्या विमानाला युरोपात लढलेल्या एका अमेरिकी तुकडीचे रूप मिळाले. कॉलिंग्ज प्रतिष्ठानाच्या विमानाने तर 'ऑल अमेरिकन', 'ड्रॅगन अँड हिज टेल' आणि 'विचक्राफ्ट' अशी तीन वेगवेगळ्या अमेरिकी विमानांची सोंगे पाठोपाठ घेतली. या विमानांनी युद्धात काढलेला काळ फार तर वर्ष-दीड वर्षाचा आणि भारतात काढलेला काळ वीस वर्षांचा. असे असूनही प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर येते ते वर्ष-दीड वर्ष, आणि तेही बहुधा दुसऱ्याच विमानाचे. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे नव्हे, कारण वर्गणी देणाऱ्या निवृत्त अमेरिकी सैनिकाला आपले विमान पाहायचे असते. परंतु ज्या कारागिरीमुळे ते विमान त्याला पाहायला मिळाले ती कारागिरी रंगाच्या थराखाली जाते आणि माहितीफलकावरच्या एखाद्या ओळीवर तिची बोळवण होते.

भारतीय खुणा अंगावर बाळगणारे लिबरेटर दिल्लीत पालम येथील वायुदल संग्रहालयात आहे. त्याचा क्रमांक एचई-९२४. मोठ्या विमानांना हँगरमध्ये जागा नसल्याने ते बराच काळ उघड्या पटांगणात उभे राहिले. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ऊन, पाऊस आणि धूळ यांपासून धोका असतो. रिव्हेटच्या भोवती ओल साचली की गंज धरतो, रबर तडकते, पारदर्शक भाग पिवळे पडून धूसर होतात, आणि बाहेरून धड दिसणारे धड आतून पोखरत जाते. ब्रिटनने आपले लिबरेटर छताखाली ठेवले याचे कारण हेच. छप्पर ही जतनाची पहिली पायरी असते, आणि आपल्याकडे ती बहुधा शेवटी येते.

महाराष्ट्राच्या वाट्याला तर एकही लिबरेटर आलेले नाही. ज्या लोहगावाने या विमानाला त्याच्या सेवेतला सर्वांत मोठा काळ सांभाळले, तेथे आज सुखोई विमाने आहेत, नागरी प्रवाशांची वर्दळ आहे, पण लिबरेटरची आठवण सामान्य पुणेकराला दिसेल अशा रीतीने कुठेही मांडलेली नाही. मोठी युद्धयंत्रे सांभाळणे खर्चाचे असते हे खरे, आणि विक्रांत या विमानवाहू नौकेचे मुंबईत काही वर्षे संग्रहालय चालवून अखेर २०१४ मध्ये ती दारूखान्यात तोडायला द्यावी लागली, हा अनुभवही ताजा आहे. तरीही विक्रांतच्या बाबतीत निदान वाद झाला, न्यायालयात दावे झाले, वर्तमानपत्रांत रकाने भरले. लिबरेटर पुण्यातून एकेक करून निघून गेली तेव्हा मराठी वाचकाला त्याची वार्ताही फारशी लागली नसावी. ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये लिबरेटरच्या खांद्याला खांदा लावून उडालेल्या सुपर कॉन्स्टेलेशन ताफ्यातील एक विमान मात्र गोव्यात बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात आहे, आणि पुणे-मुंबईच्या वाचकाला त्या काळाची खूण जवळ पाहायची असेल तर तूर्त तीच आहे.

विमान परत आणणे आता शक्य नाही, पण त्याचा इतिहास अजून पूर्णपणे हातचा गेलेला नाही. चकेरीत, बंगळूरला आणि लोहगावात या विमानांवर काम केलेल्या तंत्रज्ञांची आणि वैमानिकांची पिढी जवळजवळ सरली असली, तरी त्यांच्या उड्डाणवह्या, छायाचित्रे, दुरुस्तीच्या नोंदी आणि पत्रे पुण्यातील लोहगाव, येरवडा, खडकी भागांतल्या आणि इतर गावांतल्या घरांत अजून असण्याचा संभव मोठा आहे. असे कागद रद्दीत जाऊ न देता त्यांच्या प्रती करून एखाद्या इतिहास संशोधन मंडळाकडे, विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा वायुदलाच्या इतिहास विभागाकडे सोपवाव्यात, आणि घरात अशा सेवेतली वडीलधारी व्यक्ती हयात असेल तर तिच्या आठवणी याच वर्षी लिहून घ्याव्यात.